हेडरात न मावलेलं तोंड

“फोटोचं मुर्वानी बघेल,” यार्तीनं सगळ्यांदेखत सांगून टाकलं. “तिच्याकडे इबूचा तो हसरा फोटो आहे. कसा स्वच्छ आलाय! पुस्तिकेवर तोच लावायचा.”

इबू, म्हणजे यार्ती-मुर्वानीची आई सुगियेम, जाऊन आठवडा होत आला होता. जावातल्या सोलो गावच्या त्या अरुंद गल्लीतल्या घरात चटया अजून उचललेल्या नव्हत्या. संध्याकाळची प्रार्थना आटोपून शेजारची माणसं नुकतीच उठली होती आणि घरच्या बायका चहाचे पेले गोळा करता करता चाळिसाव्याचं बोलत होत्या. चाळिसाव्या दिवशी कुराणातल्या यासीनची पुस्तिका छापून वाटायची, वर गेलेल्या माणसाचा फोटो, खाली नाव आणि तारखा, ही आमच्याकडची रीत. कुठल्याही घरातलं कपाट उघडा, अशा पुस्तिकांची चळत निघेल. माणूस कसा बोलायचा, कसा चालायचा, हे लोक वर्ष-दोन वर्षांत विसरून जातात. पुस्तिकेवरचं तोंड मात्र राहतं. नातवंडं-पतवंडं विचारतात तेव्हा आजी म्हणून तेच पुढं करतात. म्हणून तर त्या एका फोटोवरून सख्ख्या भावंडांची तोंडं फिरलेली आम्ही पाहिलीत.

“आहे ना गं तुझ्याकडे?” यार्तीनं विचारलं.

“हो म्बाक, आहे,” मुर्वानी म्हणाली.

नव्हता. मोठ्या बहिणीला ‘म्बाक’ म्हणून इतक्या मऊ आवाजात ती खोटं बोलली की तिचं तिलाच पटलं असावं. पण नव्हता, आणि नाही हे तिला आज नव्हे, चांगलं नऊ वर्षं ठाऊक होतं.

मुर्वानी लग्न करून सेमारांगला गेली आणि तिथं गेल्यावर तिला माहेरच्या चुलीचं प्रेम फुटलं. असं होतं काही लोकांचं. घरी होती तोवर हिनं कधी कोळसा फुंकला नाही. इबू पहाटे उठून मातीच्या तव्या मांडायची, तांदळाचं पीठ नारळाच्या दुधात कालवून एकेक सेराबी काढायची, यार्ती केळीच्या पानांत गुंडाळून द्यायची आणि ही बाई आतल्या खोलीत पांघरूण ओढून पडलेली. गल्लीत सगळ्यांना माहीत आहे. पण सेमारांगला गेल्यावर तिनं ब्लॉग काढला, नाव ठेवलं ‘पावोन’, म्हणजे स्वयंपाकघर, आणि त्यात इबूच्या सेराबीवर, इबूच्या वाटणावर, इबूच्या धुरावर असं काही लिहू लागली की वाचणाऱ्याला वाटावं हिचं बालपण चुलीपाशीच सरलं. लिहिते चांगलं. ते नाकारण्यात अर्थ नाही.

एका ईदला ती मैत्रिणीचा मोठा कॅमेरा मागून घेऊन आली. इबूला फोटोचं भारी वावडं. कॅमेरा दिसला की ओढणी तोंडावर, नाहीतर हात आडवा, नाहीतर सरळ पाठ. पण त्या सकाळी यार्तीनं समोरच्या शिंप्याची नक्कल केली. तो रोज यायचा, कालची सेराबी जास्त गोड होती म्हणून तक्रार करायचा आणि वर आणखी साखर मागायचा. यार्तीनं त्याचं नाक ओढणं असं काही वठवलं की इबू मान मागे टाकून खदखदून हसली, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. हात तवीवर, तवीतून वाफ वर येतेय, आणि नेमकं त्या क्षणी मुर्वानीनं बटण दाबलं. इबूचा असा फोटो ना त्याआधी कुणी काढला होता, ना पुढे कुणाला जमला. यार्तीनं तो लॅपटॉपवर पाहिला आणि म्हणाली, “बाई गं, हिला कुणी सांगू नका, नाहीतर डिलिट करायला लावेल.”

आता हेडर म्हणजे काय, तर ब्लॉगच्या माथ्यावरची आडवी पट्टी. लांबीला मैदान आणि उंचीला बोटभर. मुर्वानीनं अख्खा फोटो तिथं चढवून पाहिला. साइटनं तो आपल्या मर्जीनं दाबला, चेपला आणि असा काही धूसर करून ठेवला की सेराबीची कड कुठली आणि धूर कुठला कळेना. तिनं पुन्हा चढवला, पुन्हा तेच. मग कुठं कुठं वाचून तिला मर्म कळलं. साइटला कापायला-दाबायला काही ठेवायचंच नाही. पट्टी जेवढी, नेमका तेवढाच फोटो आपणच कापून द्यायचा, एक पिक्सेल जास्त नाही की कमी नाही. मग तो जसाच्या तसा बसतो, केसाइतकाही पुसट होत नाही.

तेवढ्या उंचीत एक तर तोंड मावत होतं, नाहीतर हात. मुर्वानीनं पट्टी वर सरकवून पाहिली, खाली सरकवून पाहिली. खाली हात होते, तव्या होत्या, वाफ होती, पांढऱ्याशुभ्र सेराबीच्या तांबूस कडा होत्या. वर नुसती एक हसणारी म्हातारी. तिनं हात ठेवले. हनुवटीपासून वरचं सगळं उडवलं. मग ते उरलेलं दाबून लहान केलं, धार लावली आणि सेव्ह म्हटलं. जुन्या फोटोवरच हा नवा ठेवू का, असं यंत्रानं विचारलं तेव्हा न वाचताच ‘हो’ केलं. कॅमेऱ्यातलं कार्ड तर पुसून मैत्रिणीला केव्हाच परत गेलं होतं.

दोन दिवसांनी तिच्या ध्यानात आलं. तिनं फाइल दोन-तीनदा उघडून पाहिली. मग ती स्वतःशीच म्हणाली, जाऊ दे, इबू काय कुठं पळून चाललीय? पुढच्या ईदला पुन्हा काढू.

आणि हेडर काय झालं म्हणता! सुरेख. तवीच्या काठावरचा तडा मोजून घ्यावा इतकं स्पष्ट. ब्लॉग लिहिणाऱ्या बायका तिला विचारू लागल्या, अगं तुझं हेडर इतकं रेखीव कसं, आमचंच का मेलं धुक्यात गेल्यासारखं दिसतं? मुर्वानीनं त्यावर एक लेख लिहिला. लेख हातोहात फिरला. मग तिला मेळाव्यांत बोलवू लागले, पुढे उभी राहून ती बायकांना शिकवू लागली. आधी मूळ फोटोची प्रत काढून बाजूला ठेवा, मगच कात्री लावा, हे तिचं पहिलं वाक्य असायचं. बायका लिहून घ्यायच्या. हे शहाणपण हिला कुठून आलं, हे कुणी विचारलं नाही आणि तिनंही सांगितलं नाही.

पुढच्या खेपेला तिनं कौतुकानं इबूपुढं लॅपटॉप धरला. इबूनं डोळे बारीक करून पाहिलं.

“हात माझे दिसतायत,” ती म्हणाली. “तोंड कुठाय?”

“तोंड पट्टीत मावत नाही, इबू. आणि लोकांना हातच बघायचे असतात.”

“हात काय, कुणाचेही असतात,” इबू म्हणाली.

कॅमेरा दिसला की तोंड झाकणारी बाई ही, पण तोंड कापलं हे तिला लागलं. बोलली नाही पुन्हा, तिनं चेष्टेवारी नेलं. मुर्वानी माहेरी आली, की चप्पल काढायच्या आत इबूचा प्रश्न यायचा, “मावलं का गं तोंड?” यार्ती हसायची, मुर्वानीही हसायची. बाजूच्या रकान्यात, ‘आमच्याबद्दल’च्या खाली, तिनं पूर्वी कधीतरी तोच फोटो अख्खा लावला होता, पण पोस्टाच्या तिकिटाएवढा. त्यात इबूचं तोंड वाटाण्याएवढं. ते दाखवून ती म्हणायची, “हे बघ, आहे की तुझं तोंड.” इबू म्हणायची, “अगं, एवढ्याशा तोंडानं मी तुम्हाला वाढवलं होय?”

मग इबूला झटका आला. तोंड एका अंगाला ओढलं गेलं, अर्धा ओठ खाली लोंबला. तेव्हापासून तिनं तो प्रश्न विचारणं सोडून दिलं. पुढची सगळी वर्षं तिला भरवणं, पुसणं, कूस बदलणं, हे यार्तीनं एकटीनं केलं. लग्नाचं वय तर कधीचंच उलटून गेलं होतं. मुर्वानी सणाला यायची, फळं आणायची आणि परत गेल्यावर इबूच्या हातांवर लिहायची.

तर आता तो फोटो हवा होता.

सेमारांगला परतल्यावर मुर्वानीनं घर उलटंपालटं केलं. माळ्यावरचा जुना लॅपटॉप काढला, तो सुरूच होईना, दुकानात नेऊन सुरू करवला. जुन्या डिस्क, जुने मोबाइल, मेलचे तळाचे कप्पे, सगळं उपसलं. हेडरच्या पट्ट्या सापडल्या, ढीगभर, सगळ्या धारदार. तिकिटाएवढा तो फोटो सापडला. मूळचा नाही. नाही म्हणजे नाही. मैत्रिणीला फोन करून कॅमेऱ्याच्या कार्डाचं विचारलं तर ती म्हणाली, “अगं, तो कॅमेरा मी कधीच विकला. का गं, काय झालं?”

“काही नाही,” मुर्वानी म्हणाली.

बाकीचे फोटो पाहायला गेलं तर कशात इबूचा हात आडवा, कशात पाठ, लग्नातल्या फोटोत रंगरंगोटीखाली ओळखू न येणारी. आणि झटक्यानंतरचे मोबाइलवरचे, ओठ लोंबलेले. ते लावायचे नाहीत, हे यार्तीनं आधीच बजावलं होतं. “इबूला लोकांनी तसं बघू नये,” ती म्हणाली होती. “मी पाहिलंय तेवढं पुरे.”

यार्तीचा रोज फोन.

“झाला का गं तयार?”

“करतेय म्बाक, जरा साफ करतेय.”

“त्यात साफ काय करायचंय? तो तर आधीच स्वच्छ आहे. दुक, तुझं हे असंच. जे चांगलं आहे त्याला हात लावल्याशिवाय चैन पडत नाही तुला.”

धाकट्या बहिणीला लाडानं ‘दुक’ म्हणत यार्ती हे सहज बोलली. सांगून टाकावं असं मुर्वानीच्या अगदी ओठांवर आलं. म्बाक, तो फोटो नाही गं. मी मोडला. एवढंच म्हणायचं होतं. पण तिकडून यार्ती पुढचंच बोलू लागली, “अगं, मी बुदे पोनिराला पण सांगितलंय, आमची इबू पुस्तिकेवर हसताना दिसणार म्हणून. म्हातारी रडलीच. म्हणाली, मी सुगियेमला अशी हसताना शेवटची कधी पाहिली तेच आठवत नाही.” मुर्वानीनं शब्द गिळला. बुदे पोनिरा म्हणजे इबूची थोरली बहीण. तिलाही आशा लावून ठेवली होती.

शेवटी ती तिकिटाएवढा फोटो घेऊन छपाईवाल्या बू हार्निंगकडे, म्हणजे हार्निंगबाईंकडे, गेली. बू हार्निंग यासीनच्या पुस्तिका छापण्यात मुरलेली बाई, तोंडात कायम लवंग. तिनं फोटो पडद्यावर मोठा केला. इबूचं तोंड म्हणजे आठ-दहा चौकोन, तपकिरी, पिवळट, काळे. नाक कुठलं आणि ओठ कुठला, सांगायला देव यावा लागला असता.

“मोठा नाही का?” हार्निंगनं विचारलं.

“नाही.”

“ब्लॉगवरून उचललाय ना? सगळे तिथूनच आणतात हल्ली. लोकांना वाटतं, तिथं चढवला म्हणजे बँकेत ठेवला.” तिनं मान वर करून नीट पाहिलं. “तुम्हीच ना त्या, हेडरवाल्या? माझी सून तुमचा लेख वाचून वाचून आमच्या दुकानाचा ब्लॉग करते! मग तुम्हाला मी काय सांगणार? लहान केलेलं परत मोठं होत नाही.”

“काहीच उपाय नाही?”

“आहे की. आता कॉम्प्युटर तोंड बनवून देतो. त्याला एवढंसं काहीही द्या, तो बाकीचं आपल्या मनानं भरतो. माझ्याकडे येणाऱ्यांतले अर्धे तसलेच.” ती लवंग चावत हसली. “मेलेली माणसं तक्रार करत नाहीत हो. आणि जिवंत असलेल्यांना तोंड स्वच्छ दिसलं की झालं.”

मुर्वानीला तिच्या तोंडावर काहीतरी फेकून मारावंसं वाटलं. ती तशीच बाहेर पडली, घरी आली आणि दार लावून तेच करत बसली.

यंत्रानं तोंड दिलं. पहिल्यात इबूला कुणा नटीचे दात होते. दुसऱ्यात डोळे परके. कुठं नाक धारदार, कुठं कपाळ असं गुळगुळीत की आयुष्यात कधी धूर लागला नसावा. मुर्वानी पुन्हा पुन्हा मागत राहिली. असं नाही, गाल थोडे बसके, दात थोडे पुढे, वय थोडं जास्त. असं सांगता सांगता एक तोंड आलं ते पुष्कळसं इबूसारखं होतं. इबूची एखादी चुलत बहीण असावी, खाऊन-पिऊन सुखी, अशी. हसत होती छान. मान मागे टाकलेली. सगळं लख्ख, पापणीचा केस न केस.

फक्त डाग नव्हता.

इबूच्या गालावर, डोळ्याखाली, नाण्याएवढा भाजल्याचा डाग होता. चुलीचा निखारा उडाला होता म्हणे, मुर्वानीच्या जन्माआधी. कुणी विचारलं की इबू एवढंच सांगायची आणि दुसरं बोलणं काढायची. त्या वाटाण्याएवढ्या तोंडात डाग कुठून दिसणार? यंत्रानं तो भरला नाही. मुर्वानीनं ठरवलं, आपण हातानं काढू. तेवढं तरी खरं असू दे.

तिनं कर्सर गालावर नेला आणि हात थांबला. कुठला गाल?

डावा, असं तिला वाटलं. मग वाटलं उजवा. तिनं डोळे मिटले, इबू चुलीपाशी बसलेली आणली, आपण तिच्यासमोर उभ्या, दारातून उजेड... हात आले. तव्या आल्या, काठावरचा तडासुद्धा आला. गाल काही येईना. तिनं झटक्यानंतरचे मोबाइलचे फोटो काढले. एकात डाग या गालावर, दुसऱ्यात त्या. पुढच्या कॅमेऱ्यानं काढलेले काही उलटे होते, काही सुलटे, आणि आता कोण कुठला सांगणार? विचारायचं तर एकाच माणसाला विचारता आलं असतं. आणि म्बाकला फोन करून, अगं आपल्या आईच्या कुठल्या गालावर डाग होता, हे कुठल्या तोंडानं विचारायचं? लोक हिचं लिहिणं वाचून रडत होते. आईच्या नखांवर, मनगटावरच्या शिरांवर हिनं पानंच्या पानं लिहिली होती. मुर्वानी टेबलावर डोकं टेकून ढसाढसा रडली. इबू गेली त्या दिवशीही ती अशी रडली नव्हती.

मग उठली, तोंड धुतलं आणि बिनडागाचाच फोटो हार्निंगकडे पाठवून दिला.

चाळिसाव्याला पुस्तिका आल्या. दोरी सोडली तेव्हा शाईचा वास घरभर पसरला. यार्ती मागे चुलीपाशी होती. आलेल्यांसाठी सेराबी तिच्याच हातच्या असणार होत्या, ते तिनं कुणाला करू दिलं नसतं. मुर्वानीनं पुस्तिका चटयांवर ओळीनं मांडल्या. प्रत्येकीवर ती बाई हसत होती.

माणसं आली, बसली. पुस्तिका हातात घेऊन जो तो म्हणू लागला, वा, काय फोटो आहे. किती स्पष्ट. जणू आत्ता बोलेल. शिंपी आला होता, तोही नाक ओढत म्हणाला, “अगदी सुगियेम! हुबेहूब!” मुर्वानीला वाटलं, तुझ्यामुळेच हसली होती ती मेल्या, आणि तुलाही कळत नाही? बुदे पोनिरानं पुस्तिका डोळ्यांना चिकटवून पाहिली, मग लांब धरून पाहिली.

“ही कोण?” ती म्हणाली.

मुर्वानी चटईवरच्या पुस्तिका उगाच सारख्या करू लागली.

“बुदे, सुगियेम ती! तुझी बहीण!” कुणीतरी तिच्या कानाशी ओरडलं.

“हो का? बरी दिसतेय.”

“मेल्यावर सगळेच बरे दिसतात, बुदे,” शिंपी म्हणाला, आणि लोक हसले. म्हातारीला मोतीबिंदू आहे, असं एकमेकांना सांगून त्यांनी ते सोडून दिलं. पण बुदे पुस्तिका मांडीवर पालथी घालून बसली. सगळा पाठ होईपर्यंत तिनं ती पुन्हा सुलटी केली नाही. मुर्वानीचं लक्ष तिच्याकडेच होतं.

पाठ संपला, सेराबी वाटून झाल्या, माणसं पुस्तिका काखेत मारून गेली. यार्तीनं अजून फोटो पाहिला नव्हता. मुर्वानी दिवसभर तिच्या वाऱ्याला उभी राहिली नव्हती. आता दोघीच उरल्या. मुर्वानी उरलेल्या पुस्तिका बांधून ठेवायला मागच्या बाजूला गेली तर यार्ती विझत्या चुलीपाशी पाय पसरून बसलेली, आणि तिच्या हातात पुस्तिका.

ती बराच वेळ बघत होती. मुर्वानी दारातच उभी राहिली. आता बोल, ती मनात म्हणत होती. विचार, ही कोण म्हणून. शिव्या घाल. तू विचारलंस की मी सगळं सांगून टाकते.

“तू डाग काढलास,” यार्ती म्हणाली.

मुर्वानीनं हातातल्या पुस्तिका खाली ठेवल्या.

“मी म्हटलं होतं ना, जे चांगलं आहे त्याला हात लावतेस म्हणून? चुकले मी. असं काही करत असशील हे मला काय ठाऊक!” यार्तीचा आवाज फुटला. ही बाई रडत नाही कधी. इबूला कबरीत उतरवलं तेव्हा ती पाहुण्यांच्या चहाचं बघत होती. “तुला इबूनं सांगितलं होतं, हो ना?”

“काय, म्बाक?”

“निखारा नव्हता गं तो. मी होते. सात-आठ वर्षांची असेन. जत्रेला सोडलं नाही म्हणून तवीवरचं तापलेलं झाकण उचललं आणि भिरकावलं. माझीसुद्धा बोटं भाजली. इबू ओरडलीही नाही. लोकांना म्हणाली, निखारा उडाला. मरेपर्यंत तेच म्हणाली.” यार्तीनं नाक पुसलं. “नंतर तिला रोज मी आंघोळ घालायची, तोंड पुसायची. रोज तो डाग हाताखाली यायचा. तिला धड बोलता येत नव्हतं. मी विचारायची, इबू, राग आहे का गं मनात? ती नुसती बघायची. ते बघणं हो म्हणतंय की नाही, मला कधी कळलं नाही, दुक. इबू गेल्यापासून वाटायचं, हीच खूण आता छापून घरोघर जाणार. आणि तू ती पुसलीस.” तिनं वर पाहिलं. “इबूनंच सांगितलं होतं ना तुला? माझ्या यार्तीसाठी एवढं कर म्हणून?”

मुर्वानीपुढं तिची म्हातारी होत आलेली बहीण बसली होती, चुलीच्या राखेनं हात माखलेली, आणि भीक मागावी तशी तोंडाकडे बघत होती.

“हो,” मुर्वानी म्हणाली.

यार्तीनं पुस्तिका छातीशी धरली आणि हुंदके देऊन रडली. मुर्वानीनं तिला जवळ घेतलं. त्यावाचून दुसरं करण्यासारखं तिच्याकडे काही नव्हतं. सांगायची वेळ होती ती आता कायमची गेली होती. इथून पुढं खरं सांगणं म्हणजे यार्तीला आत्ता मिळालेली क्षमा तिच्या हातून हिसकावून घेणं.

थोड्या वेळानं यार्तीनं डोळे पुसले, हात धुतले आणि ती मुलीसारखी उत्साहात आली. “आण तुझा लॅपटॉप. आता हाच फोटो वर लाव. माझ्यादेखत लाव. बिचारी किती वर्षं विचारत होती.”

“म्बाक, आत्ता नको.”

“आत्ताच. चाळिसावा आहे तिचा.”

मुर्वानीनं लॅपटॉप आणला. मूळ फोटो असता तर पट्टीत तोंड मावलं नसतं. पण हे तोंड बनवलेलं, ते हवं तसं बनत होतं. यंत्राला तिनं पट्टीचं माप सांगितलं तर त्यानं इबूच्या दोन्ही अंगांना आणखी चूल दिली, आणखी धूर दिला, कधी नव्हत्या तेवढ्या तव्या दिल्या. मुर्वानीनं सवयीनं जुन्या हेडरची प्रत काढून बाजूला ठेवली. मग मापात कापलं, धार पाहिली आणि अपलोड केलं. नऊ वर्षं तिथं असलेले हात गेले आणि त्यांच्या जागी तोंड आलं. कुठंही धूसर नाही, कड तुटलेली नाही. इतकं नेमकं हेडर तिच्या हातून आजवर बसलं नव्हतं.

“मावलं गं इबू, तोंड!” यार्ती म्हणाली.

तिनं ओलं बोट पुढं केलं आणि पडद्यावरच्या त्या बाईच्या उजव्या गालावर, डोळ्याच्या जरा खाली, हळूच फिरवलं.

“इथं होता,” ती म्हणाली.

उजवा गाल. मुर्वानीनं पाहून घेतलं, आणि पडद्यावर उमटलेला बोटाचा ओला ठसा ओढणीनं पुसून टाकला.